हरल्यानंतरचा अर्धा तास

२४ ऑगस्ट १९५८ची पोर्तुगीज ग्रां प्री पोर्तो शहराच्या रस्त्यांवर झाली. बोआव्हिस्ताची एक फेरी साडेसात किलोमीटरच्या आसपास, वाटेत दगडी फरसबंदी, ट्रामचे रूळ, कडेला खांब आणि फूटपाथ. पन्नास फेऱ्यांची ही शर्यत स्टर्लिंग मॉसने व्हॅनवॉल गाडीतून जिंकली. फेरारीतला माइक हॉथॉर्न दुसऱ्या नंबरावर होता, पण त्याचे ब्रेक दगा देत होते. व्हॅनवॉलला डिस्क ब्रेक होते, हॉथॉर्नच्या फेरारीला अजून ड्रम. ड्रम तापला की पकड जाते, पाय दाबावा तितकी गाडी थांबत नाही. मध्येच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, येऊन त्याने ब्रेक जुळवूनही घेतले होते. तरी अगदी शेवटी गाडी गरकन फिरली आणि इंजिन बंद पडलं.

धक्का दिल्याशिवाय ते सुरू होणार नव्हतं आणि समोर चढ होता. हॉथॉर्न खाली उतरून एकटाच गाडी चढावर रेटू लागला. जिंकल्यानंतरची संथ फेरी मारत मॉस तिथून चालला होता. त्याने ओरडून सांगितलं, उताराकडे ढकल, फूटपाथवरून. हॉथॉर्नने तेच केलं, इंजिन लागलं आणि तो मॉसच्या मागे पाच मिनिटांहून जास्त अंतराने दुसरा आला.

मग स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याला बोलावलं. ट्रॅकवर शर्यतीच्या उलट दिशेने गाडी नेली तर ड्रायव्हर बाद, असा नियम. हॉथॉर्नची गाडी उलट्या दिशेने गेली होती, हे सगळ्यांनी पाहिलेलं. मॉस स्वतःहून साक्ष द्यायला गेला आणि म्हणाला, गाडी फूटपाथवर होती, ट्रॅकवर नव्हती. स्टुअर्डांनी ते मानलं. हॉथॉर्नचे दुसऱ्या क्रमांकाचे ६ आणि सर्वांत वेगवान फेरीचा १, असे ७ गुण शाबूत राहिले.

त्या वर्षी विश्वविजेतेपदाचा फैसला हॉथॉर्न ४२, मॉस ४१ असा लागला. मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक.

‘एका गुणाने गेलं’ एवढंच बहुतेक ठिकाणी सांगतात. पण तेव्हाच्या नियमाने प्रत्येकाचे फक्त सर्वोत्तम सहा निकाल धरले जात, तेव्हा हिशेब नीट मांडायला हवा. हॉथॉर्नचे धरलेले निकाल असे: फ्रान्स ९, बेल्जियम ७, ब्रिटन ७, पोर्तुगाल ७, इटली ६, मोरोक्को ६. पोर्तुगाल काढलं तर अर्जेंटिनातले ४ आत येतात आणि बेरीज होते ३९. मॉसचे ४१ जागच्या जागी. म्हणजे मॉस त्या खोलीत गेलाच नसता, नुसता गाडीजवळ उभा राहिला असता, तर विश्वविजेता झाला असता.

त्याच शर्यतीतली दुसरी गोष्ट त्याहून बोचरी आहे. सर्वांत वेगवान फेरीलाही तेव्हा १ गुण असे. ती फेरी हॉथॉर्नने मारली, तेव्हा व्हॅनवॉलच्या पिटमधून मॉसला पाटी दाखवली गेली: ‘हॉथॉर्न, रेकॉर्ड’. जागा कमी म्हणून दोन्ही शब्द तोडून रंगवलेले, ‘HAWT REC’. धावत्या गाडीतून मॉसने शेवटचा ‘सी’ हा ‘जी’ वाचला आणि हॉथॉर्न नेहमीच्या वेगात चाललाय, रेग्युलर, असा अर्थ लावला. गाडीत दम होता, तरी त्याने वेग वाढवला नाही. तो १ गुण इकडे आला असता तर मॉस ४२, हॉथॉर्न ४१. पाटी रंगवणाऱ्याला यासाठी मॉसने कधी बोल लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

कॅसाब्लांकाच्या शेवटच्या शर्यतीत मॉसने हातात होतं ते सगळं केलं, शर्यत जिंकली आणि वेगवान फेरीही मारली. हॉथॉर्नला दुसरा नंबर पुरत होता आणि फेरारीच्या फिल हिलने त्याला पुढे जाऊ दिलं. त्याच शर्यतीत व्हॅनवॉलचा स्टुअर्ट लुइस-इव्हान्स भाजला आणि काही दिवसांनी गेला. हॉथॉर्नने रेसिंग सोडलं आणि जानेवारी १९५९मध्ये इंग्लंडच्या साध्या रस्त्यावर अपघातात तोही गेला. मॉस १९५५ ते १९५८ सलग चार वर्षं दुसरा आला आणि विश्वविजेता कधीच झाला नाही.

या प्रसंगाला ‘दिलदारपणा’ म्हणायची पद्धत आहे. मला त्यात दिलदारीपेक्षा काटेकोरपणा जास्त दिसतो. मॉसने हॉथॉर्नला काही दिलं नाही. गाडीची चाकं कुठे होती, या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला माहीत होतं आणि ते त्याने दिलं. तो गप्प राहिला असता तर कुणी खोटारडा म्हटलं नसतं. हस्तांदोलन, मिठी, कॅमेऱ्यासमोरचे गोड शब्द हे सगळं ठीकच आहे, पण या खेळातला खिलाडूपणा मला तपासाच्या टेबलावर दिसतो. प्रश्न वस्तुस्थितीचा असतो आणि खऱ्या उत्तराने आपलंच नुकसान होणार असतं, तिथे.

या खेळातली निराशा इतर खेळांसारखी नसते. कुस्तीत चितपट करणारा समोर उभा असतो, त्याच्याशी हात मिळवता येतो. मोटर रेसिंगमध्ये हरवणारा बऱ्याचदा समोर नसतोच. एखादा पाइप असतो, नट असतो, नाहीतर आपल्याच टीमचा दमलेला माणूस असतो.

फ्रान्समधलं ल मान्स, १९ जून २०१६. चोवीस तासांची शर्यत संपायला काही मिनिटं उरलेली, टोयोटाची ५ नंबरची गाडी पोर्शच्या मिनिटभर पुढे, चालवतोय काझुकी नाकाजिमा. टोयोटाने तोवर ही शर्यत एकदाही जिंकली नव्हती. रेडिओवर त्याचा आवाज आला, पॉवर नाही. मुख्य सरळ रस्त्यावर, आपल्याच पिटसमोर, साधारण तीन मिनिटं बाकी असताना गाडी थांबली. पोर्श शेजारून निघून गेली.

नंतर टीमने कारण जाहीर केलं. टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीची एक जोडणी निकामी झाली होती. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते, इंटरकूलर तिला गार करून इंजिनाकडे पाठवतो. मधली जोडणी गेली की दाब टिकत नाही आणि टर्बोवरचं नियंत्रण सुटतं. इंजिन धडधाकट, पण त्याला हवा पुरत नाही. पिटमधून सांगितल्याप्रमाणे नाकाजिमाने सेटिंग बदलून पाहिल्या आणि शेवटी गाडी हललीही. पण नियम असा होता की शेवटची फेरी सहा मिनिटांत पूर्ण व्हायला हवी. ५ नंबरला जवळजवळ बारा मिनिटं लागली. त्यामुळे गाडीला दुसरा नंबरही मिळाला नाही, ती निकालाच्या यादीतच आली नाही. तेवीस तास सत्तावन्न मिनिटं धावण्याची दखल कागदावर शून्य.

राग कुणावर काढायचा? ती जोडणी बसवणारा, तपासणारा, तिचा आराखडा करणारा, सगळे त्याच पिटमध्ये उभे, सगळे चोवीस तास जागे. अशा वेळी ड्रायव्हरने उच्चारलेलं पहिलं वाक्य टीमच्या पुढच्या वर्षावर परिणाम करतं. एकदा मेकॅनिककडे बोट दाखवून त्याचं नाव घेतलं, की पुढच्या वेळी तो आपली चूक स्वतःहून सांगणार नाही आणि न सांगितलेली चूक ताशी तीनशेच्या वेगात उघडी पडते. ‘आपण एकत्र जिंकतो, एकत्र हरतो’ हे वाक्य कानाला कितीही घासून गुळगुळीत झालेलं वाटो, त्यामागे हा सरळ सुरक्षेचा हिशेब आहे.

पोर्शने त्या दिवशी टोयोटाबद्दलचा आदर जाहीरपणे व्यक्त केला. टोयोटा २०१८मध्ये जिंकली. शेवटी स्टिअरिंगवर नाकाजिमाच होता, सोबत बुएमी आणि अलोन्सो. २०१६च्या गाडीतला तिसरा, अँथनी डेव्हिडसन, त्या वर्षी राखीव ड्रायव्हर झाला होता. त्याची जागा अलोन्सोला गेली होती. जिंकलेल्यांच्या फोटोत न दिसणाऱ्या अशा माणसाचं काय, याला उत्तर नाही आणि ते शोधायचा आव आणू नये.

आजच्या फॉर्म्युला वनमध्ये झेंडा पडल्यानंतरचा अर्धा तास घट्ट बांधलेला असतो आणि हरलेल्याला त्याचा उपयोगच होतो. संथ फेरीत इंजिनिअर रेडिओवरून बारीकसारीक कामं सांगत राहतो. हा स्विच इकडे कर, तो तिकडे. ट्रॅकच्या कडेला पडलेले रबराचे तुकडे टायरवर गोळा कर. टाकीत इंधन शिल्लक हवं, कारण तपासणीला किमान एक लिटर नमुना द्यावा लागतो. हात गुंतलेले असले की तोंड जरा उशिरा उघडतं. रेडिओ जगभर ऐकू जातो, म्हणून अनुभवी इंजिनिअर पहिल्या मिनिटात निकालाची चिरफाड करत नाहीत. नंबर सांगतात, पुढचं काम सांगतात, बाकीचं खोलीत बोलू म्हणतात. मग गाडी पार्क फर्मेत लावायची, जिथे टीमच्या कुणीही तिला हात लावायचा नाही. ड्रायव्हरने वजनकाट्यावर उभं राहायचं. नंतर पत्रकारांचा कठडा, आणि तो हरलेल्यालाही चुकत नाही.

रबराचे तुकडे गोळा करायला का सांगतात, ते २८ जुलै २०२४ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर सगळ्यांना कळलं. मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलने ४४ फेऱ्यांची शर्यत एकाच पिट स्टॉपवर काढली. दहाव्या फेरीला टायर बदलले आणि उरलेल्या ३४ फेऱ्या त्याच टायरवर. बाकीचे बहुतेक दोनदा थांबले. रसेल जिंकला, टीममधला जोडीदार लुइस हॅमिल्टन दुसरा. पोडियमही झालं. मग गाडी काट्यावर गेली. किमान वजन ७९८ किलो हवं होतं आणि तेवढं ते भरलं. पण वजन इंधन काढून धरायचं असतं. टाकीतून २.८ लिटर इंधन निघालं, पुन्हा वजन केलं तर ७९६.५. दीड किलो कमी.

दीड किलो गेला कुठे? एका टायर-संचावर ३४ फेऱ्या म्हणजे रबर जास्त झिजणार, तेवढं वजन गेलं. गाडीच्या तळाची फळी घासते, त्यातही काही जातं. एरवी संथ फेरीत कडेचं रबर टायरला चिकटवून थोडं परत मिळवता येतं, पण स्पामध्ये शर्यतीनंतर पूर्ण फेरी न मारता गाड्या लगेच पिटकडे वळवतात, म्हणून तीही सोय नव्हती. रसेलच्या एका थांब्याची कल्पना शर्यत चालू असताना जुळत गेली होती, म्हणजे ज्या धाडसाने शर्यत जिंकून दिली त्याच धाडसाने ती घालवलीही.

स्टुअर्डांसमोर काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. काटे बरोबर आहेत याची खात्री टीमच्या प्रतिनिधीसमोर करून घेतली गेली आणि मर्सिडीजने ते मान्य केलं. आमच्याकडून चूक झाली, असं सांगितलं. तापमानाचं कारण नाही, काट्यावर संशय नाही. रसेल बाद झाला, विजय हॅमिल्टनला गेला. पोर्तोच्या फूटपाथपासून हा काटा फार लांब नाही, असं मला वाटतं. इथेही प्रश्न आकड्याचा होता आणि आकडा आपल्या विरुद्ध होता.

वाद घालायचा तर त्यालाही दार आहे. प्राथमिक निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत लेखी तक्रार, सोबत फी. स्टुअर्डांच्या निर्णयानंतर तासाभरात अपिलाचा इरादा कळवायचा, तो ९६ तासांत पक्का करायचा. डिसेंबर २०२१मध्ये अबू धाबीला, हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, हे सगळं वापरलं गेलं. हॅमिल्टन आणि मॅक्स वर्स्टापेन शर्यतीला उतरले ते प्रत्येकी ३६९.५ गुणांनी. ५८ फेऱ्यांपैकी ५३व्या फेरीत लतिफी नावाचा ड्रायव्हर आदळला, सगळ्यांना आपल्या मागे संथ चालवणारी सेफ्टी कार आली आणि फेरीने मागे असलेल्या सगळ्या गाड्यांना पुढे सोडण्याऐवजी दोघांच्या मधल्या फक्त पाच गाड्यांना सोडलं गेलं. शेवटच्या एका फेरीत ताज्या टायरवरचा वर्स्टापेन हॅमिल्टनच्या पुढे गेला आणि विश्वविजेता झाला. मर्सिडीजने दोन तक्रारी केल्या, दोन्ही फेटाळल्या गेल्या, अपिलाचा इरादा कळवला आणि गुरुवारी, १६ डिसेंबरला, तो मागे घेतला.

या सगळ्या धावपळीत हॅमिल्टन गाडीतून उतरला, वर्स्टापेनकडे गेला, अभिनंदन केलं, मुलाखतीतही दोन शब्द चांगले बोलला आणि नंतर फेब्रुवारीपर्यंत गप्प राहिला. त्या मौनावर बरीच टीका झाली. मला ती पटत नाही. प्रतिस्पर्ध्याशी त्याचं भांडण नव्हतं, भांडण होतं ते निर्णयाशी आणि ते टीमने नियमाच्या दारातून केलं. दोन्ही गोष्टी एकाच तोंडून बोलल्या गेल्या असत्या तर दोन्हींची किंमत उतरली असती.

फेरारीच्या फेलिपे मासाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. २ नोव्हेंबर २००८, हंगामाची शेवटची शर्यत, साओ पाउलोचा इंटरलागोस ट्रॅक, मासाचं स्वतःचं शहर. ७१ फेऱ्या. तो जिंकला. हॅमिल्टन सहावा आला तर दोघांचे ९७ गुण होऊन जास्त विजयांवर मासा विश्वविजेता, पाचवा आला तर हॅमिल्टन ९८. मासाने रेषा ओलांडली तेव्हा हॅमिल्टन सहावा होता. फेरारीच्या पिटमध्ये उड्या सुरू झाल्या. पुढच्या चाळीसेक सेकंदांत, शेवटच्या फेरीतल्या शेवटच्या वळणांमध्ये, हॅमिल्टनने टोयोटाच्या टिमो ग्लॉकला मागे टाकलं.

ग्लॉकने मुद्दाम वाट दिली, अशी बोंब तेव्हा उठली आणि त्याला पुढे कित्येक वर्षं शिव्या खाव्या लागल्या. खरं कारण टायरचं होतं. पाऊस वाढला तसे पुढचे बहुतेक जण हलक्या पावसाचे इंटरमिजिएट टायर घालून आले, टोयोटाच्या दोन्ही गाड्या कोरड्या टायरवर थांबल्या. २००८च्या कोरड्या टायरलाही चार खाचा असत, पण त्या पाणी उपसायला नव्हत्या, जमिनीला टेकणारं रबर कमी करून वेग आवरायला होत्या. ओल्या रस्त्यावर टायर गार झाला की रबर कडक पडतं, पकड जाते आणि मग गाडी नुसती रस्त्यावर ठेवणं हेच काम होऊन बसतं. त्याच टीमच्या यार्नो ट्रुलीची शेवटची फेरीही तशीच रखडत झाली होती. हे वेळेच्या तक्त्यात त्याच दिवशी छापलेलं होतं, बघणाऱ्यांनी बघितलं नाही.

मासा पोडियमवर रडला, छातीवर हात मारून प्रेक्षकांना सलाम केला आणि हॅमिल्टनचं अभिनंदन केलं. तो एक गुण नेमका कुठे गेला, ते शोधायला गेलं तर वर्षभर सांडलेला दिसतो. हंगेरीत आघाडीवर असताना तीन फेऱ्या बाकी आणि इंजिन गेलं. सिल्व्हरस्टोनच्या पावसात त्याची गाडी पाच वेळा फिरली, तो सर्वांच्या मागे तेरावा. मलेशियात स्वतःच्या चुकीने बाहेर. उलट स्पामध्ये हॅमिल्टनला २५ सेकंदांची शिक्षा झाली आणि तो विजय मासाच्या पदरात पडला, हेही विसरून चालत नाही.

आणि सिंगापूर. मासा आघाडीवर होता. रेनोच्या नेल्सन पिके ज्युनिअरने टीमच्या सांगण्यावरून गाडी मुद्दाम भिंतीवर घातली, सेफ्टी कार आली, सगळे पिटमध्ये धावले. गाडी सोडायची खूण करायला फेरारीत तेव्हा काठी धरून उभ्या माणसाऐवजी दिवा वापरत. इंधनाची नळी टाकीला अडकलेली असतानाच दिवा हिरवा झाला. मासा निघाला, नळी उपटून पिट लेनच्या टोकापर्यंत फरपटत गेली, मेकॅनिक मागे धावत गेले. तोही तेरावा. घाई केली ती फेरारीनेच, पण ती घाई उद्भवली एका लबाडीतून, आणि ती लबाडी उघड झाली २००९मध्ये. पुढे २०२३मध्ये फॉर्म्युला वनचे तेव्हाचे प्रमुख बर्नी एक्लस्टन यांनी मुलाखतीत सांगितलं की वरच्या लोकांना हे २००८मध्येच कळलं होतं. त्यानंतर मासाने मार्च २०२४मध्ये लंडनच्या कोर्टात दावा लावला.

पंधरा-सोळा वर्षांनी कोर्टात जाणं अखिलाडू आहे का? बरेच जण हो म्हणतात. मला तसं वाटत नाही. इंटरलागोसच्या पोडियमवर त्याला जे माहीत होतं, त्यावर तो जे वागला ते बावनकशी होतं. नंतर माहिती बदलली. त्याचा दावा खेळ चालवणाऱ्या संस्थेवर आणि तेव्हाच्या कारभाऱ्यांवर आहे, हॅमिल्टनच्या ड्रायव्हिंगवर नाही. दावा टिकेल की नाही, तो निराळा प्रश्न, पण निराशा पचवली म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क सोडला, असं कुणी ठरवलं?

हे सगळं शिकण्याची जागा फॉर्म्युला वन नव्हे, कार्टिंग, म्हणजे पोरांच्या छोट्या गाड्यांच्या शर्यती. आपल्याकडे कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय पातळीच्या फेऱ्या झाल्या आहेत. तिथल्यासारख्या कुठल्याही पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तंबूंच्या आवारात, दहा-बारा वर्षांची पोरं आणि त्यांच्याहून तापलेले बाप दिसतात. आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये धक्काबुक्कीवर एक साधा इलाज काढला आहे. पुढचा प्लॅस्टिकचा बंपर दोन क्लॅम्पवर बसवतात, पुढच्या गाडीला ठोकलं की तो आत ढकलला जातो. शेवटी तो जागेवर नसेल तर ५ सेकंदांची शिक्षा. कुणी कुणाला मारलं, मुद्दाम की चुकून, हा खल करायचाच नाही, बंपर बघायचा. बापाला ओरडायला जागाच उरत नाही, म्हणून तो नियम मला फार आवडतो.

पोराला समजावायचं असेल तर तत्त्वज्ञान नंतर, आधी क्रम. हेल्मेट लगेच काढायचं नाही, श्वास जागेवर येईपर्यंत व्हायझर, म्हणजे हेल्मेटची काच, खालीच असू द्यायचा. कार्ट थेट वजनकाट्यावर न्यायची, सगळा सरंजाम अंगावर ठेवून, मध्ये कुणाशी बोलायचं नाही आणि कुणाकडून काही हातात घ्यायचं नाही. मग मेकॅनिकला तीन गोष्टी सांगायच्या: कोणत्या वळणावर, कितव्या फेरीपासून, पुढची चाकं घसरत होती की मागची. ‘गाडी बेकार होती’ हे वाक्य चालणार नाही, त्यातून मेकॅनिकला काही दुरुस्त करता येत नाही. तक्रार करायची तर मोठ्यांनी, लेखी, वेळेत, आणि दुसऱ्या पोराच्या तंबूत जाऊन कधीच नाही. रागाच्या भरात काटा चुकवून सरळ तंबूत गेलेलं पोर चौथं आलेलं असलं तरी बाद होतं, आणि हे दर हंगामात कुणाचं ना कुणाचं होतंच.